मुलाचा ताबा आणि भेटीचा आदेश: अर्जापासून दरखास्तीपर्यंत, आजी-आजोबांसकट

ताब्याच्या भांडणात सगळा जोर 'मूल कोणाला मिळणार' यावर लागतो आणि भेटीची कलमं शेवटच्या तारखेला घाईघाईत लिहिली जातात. पुढची दहा-बारा वर्षं रोज अंगावर येतात ती मात्र हीच कलमं. 'वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील' एवढंच लिहिलेला आदेश दोघांनाही जिंकल्यासारखा वाटतो. पहिल्याच गणपतीत वाजवी म्हणजे किती, यावर भांडण होतं आणि पुन्हा वकील गाठावा लागतो. म्हणून या लेखात कायदा जेवढ्यास तेवढा ठेवला आहे; भर आहे तो अर्ज आणि आदेश कसा लिहून घ्यावा आणि तो पाळला गेला नाही तर काय करावं, यावर.

कोणत्या कायद्याखाली जायचं

नवरा-बायकोत घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच दाव्यात ताबा, भेट, शिक्षण आणि पोटगीचा अर्ज करता येतो. विशेष विवाह अधिनियमाखाली लग्न झालं असेल तर कलम ३८. कोणताच दावा चालू नसेल, किंवा मूल मागणारी व्यक्ती आई-वडील सोडून दुसरीच असेल, तर पालक व पाल्य अधिनियम, १८९०. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांसमोर असेल तर २००५ च्या कायद्यातल्या कलम २१ खाली पीडित बाईला मुलाचा तात्पुरता ताबा मिळू शकतो, पण तो तात्पुरताच.

आजी-आजोबांची चूक बहुतेकदा इथेच होते. मुलगा-सून कुटुंब न्यायालयात भांडत असतात आणि हे त्या दाव्यात बाजूला बसून राहतात. तो दावा पती-पत्नीमधला असतो. त्यात मुलाच्या भेटीबरोबर आपलंही नाव घालून घेता येतं, आणि मुलगा हयात असेल तर तोच सोपा मार्ग आहे. मुलगा किंवा मुलगी वारली असेल, परदेशी असेल किंवा त्यांच्याशीच पटत नसेल, तर १८९० च्या कायद्याखाली स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा इथे कामाचा नाही. तो निर्वाह आणि मालमत्तेपुरता आहे, नातवाच्या भेटीपुरता नाही. नातवंडांना भेटण्याचा आजी-आजोबांचा हक्क असा स्वतंत्र शब्दांत आपल्याकडच्या कुठल्याच केंद्रीय कायद्यात लिहिलेला नाही. न्यायालयं तो 'मुलाचं हित' या तत्त्वातून देतात. त्यामुळे 'आमचा हक्क आहे' असा अर्ज लंगडा पडतो. 'आमचा सहवास तुटल्याने मुलाचं काय बिघडतंय' हे दाखवणारा अर्ज उभा राहतो.

कोणतं न्यायालय, याचं उत्तर १८९० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे: मूल नेहमी जिथे राहतं तिथलं. जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे तेच, नसेल तिथे जिल्हा न्यायालय. मुलाला मे महिन्यात आजोळी नेऊन तिथेच अर्ज टाकला तर हरकत पहिल्याच तारखेला येते. 'नेहमी राहणं' हा वस्तुस्थितीचा प्रश्न धरला जातो आणि शाळेचा दाखला तिथे सगळ्यांत जड पडतो.

न्यायाधीश काय पाहतात

हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनत्व) व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. यातल्या 'नंतर'चा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा नाही. वडील लक्ष घालत नसतील तेव्हाही आई पालक ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये स्पष्ट केलं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे, हेही त्याच कलमात आहे. पण कलम १३ या सगळ्यावर बसतं: मुलाचं हित सर्वोपरी. मुस्लिम कुटुंबांत हनफी नियमानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईचा हिजानतचा, म्हणजे मूल जवळ ठेवून सांभाळण्याचा हक्क धरतात, आणि तिथेही अर्ज १८९० च्याच कायद्याखाली होतो.

१८९० च्या कायद्यातलं कलम १७ तर तपासणीची यादीच आहे: मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, वारलेल्या आई-वडिलांची इच्छा, मुलाशी आधीपासून असलेले संबंध. मूल समजूतदार पसंती सांगण्याच्या वयाचं असेल तर तीही विचारात घेता येते. 'बारा वर्षांचं झालं की मूल स्वतः ठरवतं' हे चहाच्या टपरीवरचं कायदेज्ञान आहे. असं कुठलंही ठरलेलं वय नाही. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये एकटं बोलावतात, शाळा, मित्र, जेवण असं विचारतात. पढवलेलं मूल तिथे दोन मिनिटांत ओळखू येतं: 'पोटगी', 'मानसिक छळ' असले शब्द आठ वर्षांच्या तोंडी आले की पढवणाऱ्याचीच बाजू पडते.

आजी-आजोबांना आडवं येतं ते कलम १९. आई किंवा वडील हयात असून अपात्र नसतील तर दुसऱ्या कोणाला मुलाच्या देहाचा पालक, म्हणजे प्रत्यक्ष सांभाळ करणारा पालक नेमता येत नाही. पण यालाही मुलाच्या हिताची मर्यादा आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाला वडिलांकडे न देता आईच्या आई-वडिलांकडेच ठेवलं. वडिलांवर आईच्या मृत्यूबद्दल फौजदारी खटला होता आणि मुलाला आजी-आजोबांकडेच राहायचं होतं. उलट २०१९ मध्ये, आई कर्करोगाने गेल्यावर मावशी-मामांकडे असलेल्या तान्ह्या मुलीचा ताबा वडिलांकडे देण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश कायम राहिला. वडिलांविरुद्ध काही नव्हतं. नातेवाइकांनी प्रेमाने सांभाळलं एवढ्याने भागलं नाही.

आणि वयाचं काय? जून २०२२ मधला एक निर्णय प्रत्येक आजी-आजोबांच्या वकिलाने जवळ ठेवावा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलाचा ताबा गुजरात उच्च न्यायालयाने मावशीला दिला होता. ती तरुण, सरकारी नोकरीत, आणि आजोबा ७१ तर आजी ६३ वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून मूल वडिलांच्या आई-वडिलांकडे दिलं. वय आणि उत्पन्न हीच एकमेव कसोटी होऊ शकत नाही, हा त्यातला मुद्दा.

अर्ज तयार करताना

१८९० च्या कायद्याच्या कलम १० मध्ये अर्जात काय हवं ते ठरवून दिलं आहे: मुलाचं नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, त्याच्या नावावर मालमत्ता असल्यास तिचं स्वरूप आणि अंदाजे किंमत, सध्या मूल कोणाकडे आहे, जवळचे नातेवाईक कोण आणि कुठे राहतात, आधी कुठे असा अर्ज झाला होता का आणि त्याचं काय झालं, अर्ज मुलाच्या देहासाठी, मालमत्तेसाठी की दोन्हींसाठी, आणि अर्ज करण्याची कारणं. आधीचा अर्ज लपवला तर समोरचा वकील त्याची प्रमाणित नक्कल घेऊन उभा राहतो आणि पुढचं सगळं संशयाने पाहिलं जातं. पालक होऊ पाहणाऱ्याची संमती स्वतंत्र कागदावर, त्याच्या सहीची आणि दोन साक्षीदारांच्या सहीची लागते. हा कागद नेहमी विसरला जातो आणि अर्ज हरकतीत अडकतो.

आजी-आजोबांनी नेमणुकीचं कलम ७ आणि मूल परत मिळण्याचं कलम २५ अशा दोन्ही मागण्या एकत्र कराव्यात, आणि पर्यायी मागणी म्हणून भेट मागावी. फक्त ताबा मागितला आणि तो नाकारला गेला, तर भेटीसाठी नव्याने सुरुवात करावी लागते. याच्यासोबत पहिल्याच दिवशी कलम १२ खाली अंतरिम अर्ज द्या. मूळ अर्जाला वर्षं लागू शकतात आणि मूल त्या काळात जिथे रुळतं तिथेच ठेवण्याकडे न्यायालयाचा कल वाढत जातो. 'वातावरण निवळू दे, मग बघू' म्हणून आठ महिने थांबणं हा या प्रकरणांतला सगळ्यांत महाग निर्णय असतो.

पुरावा म्हणून नातवासोबतचे वाढदिवसाचे फोटो सगळेच लावतात. त्यांनी फार काही सिद्ध होत नाही. रोजचा सांभाळ दिसतो तो कंटाळवाण्या कागदांतून: लसीकरणाच्या कार्डावर सोबत आलेल्याची सही, शाळेच्या ओळखपत्रावर 'घ्यायला येणारी व्यक्ती' म्हणून आजोबांचं नाव, फीच्या पावत्या, बालरोगतज्ज्ञाचे कागद. त्यात स्वतःच्या तब्येतीचा दाखला, पेन्शनचा पुरावा आणि 'आम्ही आजारी पडलो तर कोण' याचं उत्तर म्हणून घरातल्या एखाद्या तरुण माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडा. व्हॉट्सॲपचे संदेश लावायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या. कुटुंब न्यायालयाला पुराव्याच्या नियमांत मोकळीक आहे, तरी ऐन वेळी त्यावर वाद नको.

कुटुंब न्यायालयात वकील हा हक्काने मिळत नाही, परवानगीने मिळतो. वकीलपत्रासोबत तसा छोटा अर्ज द्यावा लागतो. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि मुलं यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे आजोबांपेक्षा आजीच्या नावाने अर्ज केला तर काम सोपं होतं.

दाखल झाल्यावर नोटीस निघते, समोरचा म्हणणं देतो आणि प्रकरण बहुतेकदा विवाह समुपदेशकाकडे जातं. इथे एक गैरसमज घात करतो. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, हे खरं. पण ताब्याच्या वादात समुपदेशकाचा मुलाबद्दलचा अहवाल न्यायालय वापरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. मुलासमोर समुपदेशकाच्या खोलीत आरडाओरड केली तर ती तिथेच राहील, या भ्रमात राहू नका.

आदेशाची भाषा

सुरुवात बहुधा न्यायालयाच्या आवारात समुपदेशकाच्या नजरेखाली तास-दोन तासांच्या भेटीने होते. ती नीट पार पडली की बाहेर दिवसभर, मग मुक्काम, मग सुट्टी. दूध पिणाऱ्या बाळासाठी मुक्काम मागण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा दीड तास मागावा; इतक्या लहान मुलाला पंधरा दिवसांनी दिसणारा माणूस अनोळखीच वाटतो. शाळकरी मुलासाठी महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि सुट्टीचा अर्धा भाग हा मागणीचा चांगला आरंभ.

संमतीच्या अटी असोत की न्यायाधीशांसमोर द्यायचा मसुदा, कलम असं लिहा:

'अर्जदार अज्ञान मुलीस दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता प्रतिवादीच्या इमारतीच्या फाटकापासून नेतील व रविवारी सायंकाळी ६ वाजता तिथेच आणून सोडतील. उशीर पंधरा मिनिटांहून अधिक होणार असल्यास तसा संदेश पाठवावा. मुलगी आजारी असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांचे पत्र पाठवावे व हुकलेली भेट लगेचच्या पुढील शनिवारी द्यावी. अर्जदारांचे आई-वडील या भेटीत मुलीसोबत राहू शकतील आणि अर्जदार परगावी असल्यास स्वतः तिला नेऊ-आणू शकतील. दर बुधवारी सायंकाळी ७ ते ७:१५ या वेळेत मुलीचे आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे होईल. कॉल प्रतिवादी लावून देतील.'

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या भांडणावरचं उत्तर आहे. 'घरून न्यावे' लिहिलं की जिन्यावर वाद होतो. फाटक किंवा शाळा बरी. शाळेतून शुक्रवारी नेणं सगळ्यांत शांत, कारण त्यात दोन पालक समोरासमोर येतच नाहीत. फक्त आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे आधी द्यावी लागते. 'हुकलेली भेट' हे कलम नसेल तर दर दुसऱ्या शनिवारी ताप येतो. 'कॉल कोण लावणार' हे नसेल तर फोन कायम चार्जिंगला असतो. ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुचवलं आहे. तो आधार मसुद्याबरोबर द्या.

सण नावानिशी घाला. 'सणासुदीला आलटून-पालटून' हे वाक्य महाराष्ट्रात तरी निकामी आहे: एका घरी गणपती दीड दिवसाचा, दुसऱ्या घरी गौरीबरोबर जाणारा, आणि दोन्ही घरांना मूल पहिल्या आरतीला हवं. सम वर्षी एका घरी, विषम वर्षी दुसऱ्या घरी. गणपती एकाकडे त्या वर्षी दिवाळी दुसऱ्याकडे, आणि दिवाळी म्हणजे कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत, हेही लिहा. वाढदिवशी तीन तास पुरतात. उन्हाळी सुट्टीला तारखा नकोत, कारण बोर्ड आणि शाळा बदलली की त्या चुकतात. 'शाळेच्या वेळापत्रकातील सुट्टीचा पहिला अर्धा भाग, पहिल्या दिवशी सकाळी १० पासून' असं ठेवा. पासपोर्ट कोणाकडे राहील, परदेशी नेण्यापूर्वी किती दिवस आधी लेखी कळवायचं, तिकिटाची परतीची प्रत द्यायची की नाही, हेही त्याच कागदावर.

शाळेची माहिती हा विषय फुकट मिळतो आणि तरी कोणी मागत नाही: प्रगतिपुस्तक, पालकसभा आणि डॉक्टरांचे कागद दोघांनाही मिळतील, ही एक ओळ.

आदेश पाळला गेला नाही तर

फाटकावर तासभर थांबलात आणि मूल खाली आलं नाही, तर तिथूनच एक साधा संदेश पाठवा: तारीख, वेळ, 'आदेशानुसार नेण्यासाठी आलो आहे'. टोमणा नको, हा संदेश पुढे न्यायाधीश वाचणार आहेत. एका वहीत प्रत्येक भेटीची नोंद ठेवा, झालेल्यांचीही. फक्त हुकलेल्यांची यादी सूडाची वाटते. वीसपैकी अकरा हुकल्या, ही नोंद आकड्यांनी बोलते.

दोन-तीनदा असं झालं की चालू प्रकरणात अर्ज द्या, हुकलेल्या भेटी भरून मागा आणि समुपदेशकाकडे बैठक लावून घ्या. अंतिम आदेश असेल तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज. जाणूनबुजून अवमान असेल तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाईही होते, पण आईला किंवा बापाला तुरुंगात धाडायला न्यायालयं नाखूष असतात, आणि मुलाला कळलं की भेट त्यानंतर आणखी अवघड होते. पोलीस चौकीत गेलात तर 'दिवाणी मामला आहे' म्हणून परत पाठवतील. नोंद तेवढी करून घ्या. देहोपस्थितीची याचिका (हेबियस कॉर्पस, म्हणजे अडवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करण्याची मागणी) उच्च न्यायालयात चालते, पण मूल बेकायदा, कोणत्याही अधिकाराविना अडवून ठेवलं असेल तेव्हा. रोजच्या भेटीच्या भांडणाला ती नाही.

भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणं आणि पोटगी आली नाही म्हणून भेट थांबवणं, या दोन्ही गोष्टी सारख्याच नुकसानीच्या. दोन्ही आदेश वेगळे आहेत आणि एक मोडला म्हणून दुसरा मोडायची मुभा मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे भेटीला नेलेलं मूल परत न सोडणं. त्या एका रविवारच्या किमतीत पुढची दोन वर्षं भेट पुन्हा आवारातल्या खोलीत, नजरेखाली होऊ शकते.

आणि मूलच यायला नको म्हणालं तर? याचं कारण पढवणं असू शकतं, भीती असू शकते, किंवा नुसतं त्या संध्याकाळी मित्राचा वाढदिवस असू शकतो. ओढून नेऊ नका. घेऊन आलेल्या पालकाने खोलीबाहेर, मुलाच्या नजरेआड जावं अशी विनंती करा. दहा मिनिटं जवळ बसा, न बोलता चित्र काढा. असं वारंवार होत असेल तर भेटी वाढवण्याऐवजी छोट्या पण जास्त वेळा मागा आणि बालमानसतज्ज्ञ नेमण्याचा अर्ज करा. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ताबा ठरवताना दखल घेण्याजोगं मानलं आहे. पण तो आरोप तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय करू नये. खरोखर मारहाणीची भीती असेल तर तोच आरोप तुमच्यावर उलटतो.

बदल आणि अपील

ताब्याचा कोणताच आदेश कायमचा नसतो. बदली, पुनर्विवाह, आजार, मुलाचं वय वाढणं, यांपैकी काही बदललं की हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली घटस्फोटानंतरही नवा अर्ज करता येतो. फक्त 'आधीचा आदेश पटला नाही' हे बदललेल्या परिस्थितीत येत नाही, त्यासाठी अपील. कुटुंब न्यायालय अधिनियमाखाली अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका.

आजी-आजोबा पालक म्हणून नेमले गेले, तर मुलाच्या नावची जमीन किंवा फ्लॅट विकणं, गहाण टाकणं किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देणं न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. विम्याचे पैसे आले तर ते वेगळ्या खात्यात ठेवून प्रत्येक खर्चाची पावती जपा. हिशोब मागितला जाऊ शकतो, आणि तो मागणारी बहुधा दुसऱ्या बाजूची आजीच असते.